शुगरची गोळी सुनेला कशासाठी?

गेल्या महिन्यात नांदगाव पेठहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव घातलेले नाही, आणि ते बरेच केले. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. पती तिथल्याच एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात कामाला, आठवड्याआड रात्रपाळी. हिची मासिक पाळी दोन-दोन, कधी तीन-तीन महिने येत नाही. अमरावतीला एका दवाखान्यात दाखविले, सोनोग्राफी झाली, "पीसीओडी आहे" एवढे सांगून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

इथपर्यंत नेहमीचेच. खरी गोष्ट पुढे आहे. सासूबाईंना सहा वर्षांपासून मधुमेह. त्यांनी सुनेच्या उशाजवळचे पाकीट पाहिले, आपल्या डब्यातले पाकीट काढून शेजारी ठेवले, आणि शेजारच्या मुलाकडून दोन्हीवरचे नाव वाचून घेतले. नाव एकच! मेटफॉर्मिन. मग घरात जे बोलणे झाले ते त्या भगिनीने जसेच्या तसे लिहिले आहे. "हे तं मायाच शुगरच्या गोया हायेत. पोरीले लग्नाच्या आधीपासूनच शुगर होती अन् मायबापानं लपोलं." त्यानंतर तिच्या वडिलांना निरोप गेला, दोन्हीकडचे चार लोक बसले, आणि "पोरगी काही दिवस माहेरीच राहू द्या" इथपर्यंत गोष्ट आली. पत्राच्या शेवटी तिने एवढेच विचारले आहे: "डॉक्टरसाहेब, मला शुगर आहे का? आणि नसेल तर ही गोळी मला का दिली?"

या सदरात मी शक्यतो एका पत्रावर अख्खा लेख लिहीत नाही. परंतु हाच प्रश्न, थोड्याफार फरकाने, माझ्यासमोर वर्षातून अनेकदा येतो. कधी सासू विचारते, कधी नवरा, कधी औषधाच्या दुकानातला मुलगाच काउंटरवरून "ताई, शुगर कवापासून हाये?" असे चारचौघांत विचारून मोकळा होतो. म्हणून आज सविस्तर.

पहिले उत्तर आधी देऊन टाकतो. भगिनींनो, मेटफॉर्मिन लिहून दिली म्हणजे मधुमेह आहे असे नाही. मधुमेह आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीवरून ठरते, गोळीच्या नावावरून नव्हे. या भगिनीने रिपोर्टमधील आकडे कळविले आहेत, आणि त्यानुसार तिला मधुमेह नाही. हा लेख कात्रण करून सासूबाईंना दाखविला तरी हरकत नाही.

आता गोळी का दिली ते पाहू.

स्त्रीच्या ओटीपोटात दोन बीजांडकोश असतात. त्यांतून दर महिन्याला साधारणतः एक स्त्रीबीज पिकून बाहेर पडते. काही स्त्रियांत ही बीजे अर्धवट वाढतात आणि तिथेच थांबतात. सोनोग्राफीत ती बारीक बारीक पाण्याच्या फोडांसारखी, माळेत ओवल्यासारखी दिसतात. यालाच आपण पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतो. रिपोर्टमध्ये 'सिस्ट' हा शब्द आला की घरची मंडळी 'गाठी' असा अर्थ करतात आणि गाठ म्हटली की कॅन्सरपर्यंत जाऊन पोचतात. या गाठी नव्हेत. न पिकलेली बीजे आहेत, इतकेच. शिकागोचे स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकिकत लिहून हा विकार नीट मांडला. त्या वेळी बीजांडकोशाचा तुकडा शस्त्रक्रियेने कापून काढीत. त्याचा साखरेशी काही संबंध असेल असे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

तो संबंध १९८० च्या सुमारास उघड झाला. या स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिन जास्त असते असे आढळले. इन्शुलिनचे काम म्हणजे रक्तातली साखर पेशींच्या घरात पोचवून देणे. समजा, पाहुणा दारावर थाप मारतो आहे आणि घरातल्यांना ऐकू कमी येते. पाहुणा काय करील? आणखी जोरात थापा मारील. शरीर तसेच करते. स्नायू आणि यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे झाले की स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन सोडते. साखर त्यामुळे बराच काळ ताब्यात राहते, म्हणून रिपोर्ट चांगला येतो. पण या दणदणाटाने शेजारी मात्र जागे होतात! बीजांडकोशाला ऐकू व्यवस्थित येत असते. जादा इन्शुलिनमुळे तो पुरुषी संप्रेरके जास्त तयार करू लागतो. हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरमे, पाळी लांबणे आणि बीज न पिकणे हा सगळा त्याचा परिणाम.

मेटफॉर्मिन या बहिऱ्या घराला थोडे ऐकू येईल असे करते आणि यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. इन्शुलिन खाली येते, बीजांडकोश शांत होतो, आणि काही स्त्रियांत बीज पुन्हा पिकू लागते. म्हणजे गोळी शुगरचीच, पण काम इथे इन्शुलिनवर आहे.

या गोळीचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. युरोपात बकऱ्यांच्या कुरणात उगवणारी, जांभळट फुलांची 'गॅलेगा' नावाची एक वनस्पती आहे. वारंवार लघवी होण्याच्या विकारावर जुने वैद्य ती देत. तिच्यातल्या द्रव्याच्या जातकुळीचे रसायन १९२२ साली डब्लिनमध्ये वेर्नर आणि बेल यांनी तयार केले. पुढे पस्तीस वर्षे त्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न या डॉक्टरांनी ते मधुमेहावर वापरून दाखविले. अमेरिकेने तर त्याला १९९४ पर्यंत परवानगीच दिली नव्हती. नेमक्या त्याच वर्षी व्हेनेझुएलातील डॉक्टरांनी एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. पीसीओएस असलेल्या २६ स्त्रियांना आठ आठवडे मेटफॉर्मिन दिले होते. काहींची पाळी सुधारली आणि काहींना औषध चालू असतानाच दिवस गेले.

मग १९९८ साली अमेरिकेतून एक निष्कर्ष आला आणि जगभरच्या दवाखान्यांत या गोळीची लाटच आली. ६१ स्थूल स्त्रियांवरचा तो अभ्यास होता. क्लोमिफेन हे बीज पिकविणारे औषध एकट्याने दिले तेव्हा २५ पैकी फक्त दोघींचे बीज सुटले. आधी मेटफॉर्मिन देऊन मग क्लोमिफेन दिले तेव्हा २१ पैकी १९ जणींचे! नव्वद टक्के. असा आकडा पाहिल्यावर कोणत्या डॉक्टरचा हात थांबेल? आमचाही थांबला नाही. मीही त्या काळात ही गोळी सढळ हाताने लिहिली, आणि बहुतेकींना ती कशाची आहे हे सांगण्याचे कष्ट घेतले नाहीत, हे इथे कबूल केले पाहिजे.

पण बीज सुटणे आणि मूल होणे यांत अंतर आहे. उगवण चांगली झाली म्हणजे कापूस घरात आला असे वऱ्हाडातला कोणताही शेतकरी म्हणणार नाही. २००७ मध्ये ६२६ स्त्रियांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 'बीज सुटले का' एवढेच न पाहता 'जिवंत मूल जन्माला आले का' हे मोजले. सहा महिन्यांपर्यंत उपचार. नुसते क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी २२.५ टक्के स्त्रियांना मूल झाले. दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत २६.८ टक्के, म्हणजे फरक म्हणावा असा नाही. आणि नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत? ७.२ टक्के. नव्वदावरून सातावर! अर्थात सगळ्यांचे एकमत तेव्हाही झाले नाही. २०१२ साली फिनलंडच्या डॉक्टरांनी ३२० स्त्रियांच्या अभ्यासात निराळे चित्र दाखविले. तीन महिने आधीपासून मेटफॉर्मिन आणि गरज पडल्यास पुढे नेहमीचे उपचार, असे केल्यावर ४१.९ टक्के स्त्रियांना मूल झाले, गोळी न घेणाऱ्यांत २८.८ टक्के. त्यामुळे गोळी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. मात्र 'मूल होण्याची गोळी' म्हणून ती एकटीच वर्षानुवर्षे चालू ठेवायची, हे आता पटण्यासारखे राहिलेले नाही.

आज पहिल्या पसंतीचे औषध लेट्रोझोल मानले जाते. २०१४ च्या ७५० स्त्रियांच्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफेन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही लेट्रोझोललाच पहिले स्थान आहे, आणि एकट्या मेटफॉर्मिनपेक्षा जास्त गुणकारी औषधे उपलब्ध आहेत हे रुग्णाला सांगावे असा त्यांचा रोख आहे. या लेट्रोझोलचीही नांदगावच्या गोळीसारखीच फजिती होते. ते मूळचे स्तनाच्या कॅन्सरचे औषध. पाकिटातला कागद कुणी वाचला की घरात रडारड. आपल्या सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली होती आणि २०१७ मध्ये ती उठविली, म्हणून जुन्या बातम्या वाचून घाबरू नये.

इथे एक गैरसमज काढला पाहिजे. "आमची सून तं काडीसारखी हाये, तिले कायची शुगर अन् कायचं इन्शुलिन?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. पीसीओएस म्हणजे जाड बायकांचा रोग, हे पाश्चात्त्य पुस्तकांतले चित्र आपल्याकडे पुरते लागू पडत नाही. का, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याइतके सोपे करून कुणी सांगितलेले नाही. २००४ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन यॉडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापला. उंची-वजनाचे गणित, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचेही अगदी सारखे, २२.३. अंगातली चरबी मोजली तेव्हा यॉडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकच म्हणत होता आणि आतला मामला निराळा होता. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. जेमतेम २.७ किलोची बाळे, इंग्लंडच्या बाळांहून पाऊण किलोने हलकी, पण चरबीत मात्र त्या मानाने फारशी मागे नाहीत. हातपाय बारीक, पोटाशी मेद. तेव्हा काडीसारख्या सुनेची कंबर टेपने मोजून पाहावी आणि मग बोलावे. जन्मापासूनची ही ठेवण, त्यात खुरपणी-वेचणी सुटून दिवसभर बसून शिवणकाम किंवा मोबाइल, आणि ज्वारीच्या भाकरीच्या जागी तिन्ही त्रिकाळ गव्हाची पोळी आणि भात. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झाले तरी अनेकींची पाळी आपोआप रुळावर येते. साठ किलोच्या बाईला तीन ते सहा किलो. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, उपचार म्हणून सांगतो. गोळीच्या चिठ्ठीवर हेही लिहायला हवे.

दुसऱ्या टोकाची चूकही होते आहे. पाळी चार दिवस पुढे गेली की पीसीओडीचा शिक्का! मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने किशोरवयीन व तरुण मुलींची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका निकषाने मोजले तर २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, दुसऱ्या निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच, फूटपट्टी बदलली की आकडा निम्मा. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे ती अनियमित असतेच. अशा सोळा वर्षांच्या मुलीला नुसत्या सोनोग्राफीवरून शिक्का मारून "पुढे मूल व्हायला त्रास जाईल" असे आईसमोर सांगणे मला क्रूर वाटते. ती मुलगी ते वाक्य लग्नापर्यंत उराशी बाळगते.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरोखर हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. त्या भगिनीच्या पत्रात एक ओळ होती, ती वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. "गोळ्या संपल्या तेव्हा आठ दिवस मी सासूबाईंच्याच डब्यातल्या खाल्ल्या. नाव तेच होते."

नाव तेच होते, पण पुढे आणखी काही लिहिलेले होते का? मधुमेहाच्या रुग्णांना आपल्याकडे सर्रास दोन औषधांची एकत्र गोळी दिली जाते. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, किंवा मेटफॉर्मिन आणि ग्लिक्लाझाइड. पाकिटावर मेटफॉर्मिन हे नाव ठळक दिसते. नुसती मेटफॉर्मिन स्वादुपिंडाला जादा इन्शुलिन सोडायला लावीत नाही, म्हणून मधुमेह नसलेल्या स्त्रीची साखर ती सहसा धोक्याइतकी खाली आणत नाही. ग्लिमेपिराइड मात्र नेमके तेच करते. मधुमेह नसलेल्या, सकाळपासून चहावर राहिलेल्या सुनेने ती गोळी घेतली तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धी. विहिरीच्या काठावर किंवा चुलीजवळ असे झाले तर काय होईल याची कल्पनाच करवत नाही. तेव्हा घरातल्या दुसऱ्याच्या डब्यातली शुगरची गोळी कुणीही, कधीही, एक दिवससुद्धा घेऊ नये. मेटफॉर्मिन ही स्वस्त गोळी आहे. जनऔषधी दुकानात मिळते, आणि पाकिटामागे बस-भाड्याइतकाही खर्च येत नाही. पण चिठ्ठीवरच घ्यावी. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेले असेल तर ती धोक्याची ठरू शकते, म्हणून सुरू करण्यापूर्वी रक्ताची तपासणी असावी.

सुरुवातीला पोट बिघडते, मळमळते, तोंडाला धातूची चव येते. बहुतेकजणी इथेच गोळी सोडतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. जेवणाबरोबर घेतली, आणि कमी मात्रेपासून हळूहळू वाढविली, तर हा त्रास बराच कमी होतो. दीर्घकाळ घेतल्यास शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. आपल्याकडे माळकरी, शाकाहारी घरे पुष्कळ, तिथे ते मुळातच कमी असते. आईच्या पोटात असताना बी-१२ कमी मिळाले तर त्याचे परिणाम मुलाच्या प्रकृतीवर पुढे दिसतात, हाही याज्ञिकांच्याच अभ्यासाचा विषय. दूध-दही-ताक तरी नेमाने घ्यावे, आणि वर्षभर गोळी चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यावे. फॉलिक अॅसिडची गोळी तर दिवस राहण्याच्या आधीपासूनच हवी.

ज्यांना खरोखरच मधुमेह आहे आणि मूल हवे आहे अशा स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. बाळाचे हृदय, मेंदू, मणका हे सगळे पहिल्या आठ आठवड्यांत घडते. म्हणजे पाळी चुकली हे नीट लक्षात येईपर्यंत निम्मे काम झालेले असते. त्या काळात साखर चढलेली असेल तर बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. अशा स्त्रियांनी साखर ताब्यात आणून मग दिवस राहू द्यावेत, आणि दिवस राहिल्याचे कळताच घाबरून स्वतःच्या मनाने सगळी औषधे बंद करू नयेत. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मेटफॉर्मिन वारेतून बाळापर्यंत पोचते हे खरे, परंतु तिने बाळात व्यंग येते असे दिसून आलेले नाही. पीसीओएससाठी घेणाऱ्या स्त्रियांत ती दिवस राहिल्यावर थांबवायची की चालू ठेवायची, हे डॉक्टर प्रत्येकीचे पाहून ठरवितात. नॉर्वेत गरोदरपणी ही गोळी घेतलेल्यांची मुले चार वर्षांची झाली तेव्हा थोडी जास्त वजनदार आढळली, म्हणून उगीच चालू ठेवण्याकडे आता कल नाही. एक मात्र नक्की. पीसीओएस असलेल्या स्त्रीला गरोदरपणी मधुमेह होण्याचा संभव जास्त. ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी केलेली तपासणी, आणि त्यात १४० किंवा अधिक आल्यास पुढील उपचार, ही सोय सरकारी रुग्णालयांत आहे. डफरीनला नाव नोंदविताना ती आठवणीने मागावी.

वजन उतरविणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही अलीकडे विचारणा होते. मौन्जारो हे २०२५ मध्ये भारतात आले, ओझेम्पिकही आता मिळते. मूळ मधुमेहाचीच ही औषधे, आणि वजन उतरले की अनेकींची पाळी सुरू होते, ध्यानीमनी नसताना दिवसही जातात. पण ही इंजेक्शने चालू असताना दिवस राहू देऊ नयेत. ओझेम्पिक तर दोन महिने आधी बंद करावे लागते. मौन्जारोने गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो. तसे तर मेटफॉर्मिननेही थांबलेले बीज पुन्हा सुटू लागते. केवळ पाळीच्या तक्रारीसाठी ती घेणाऱ्या आणि तूर्त मूल नको असलेल्या स्त्रियांनी हे ध्यानात ठेवावे.

आता पतिराजांविषयी. चार वर्षांत या भगिनीच्या तीन सोनोग्राफ्या झाल्या, रक्त कितीदा तपासले याची गणती नाही. पतीची एकही तपासणी झालेली नाही! हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटले नसेल, कारण तुमच्या माहितीतही अशी दोन-चार घरे असतील. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा थोडा वाटा असतो. वीर्यतपासणी ही साऱ्या तपासण्यांत सर्वांत स्वस्त, बिनदुखाची आणि एका दिवसात होणारी. सुईसुद्धा टोचावी लागत नाही. तरी ती शेवटी होते, किंवा होतच नाही. माझे तर स्पष्ट मत आहे की पतीचा रिपोर्ट हाती आल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरने पत्नीला बीज पिकविण्याची औषधे लिहूच नयेत. स्त्रीला सहा महिने गोळ्या-इंजेक्शने देऊन मग पतीत दोष निघाला, तर त्या सहा महिन्यांचे, त्या पैशाचे आणि तिने ऐकून घेतलेल्या बोलण्याचे काय? आणि आठवड्याआड रात्रपाळी असेल तर बीज सुटण्याचे नेमके दिवस कारखान्यातच जातात, ही साधी गोष्टही कुणीतरी विचारायला हवी होती. दोघे कधी एकत्र असतात हे न विचारता मूल का होत नाही याचे निदान करणारे आपण डॉक्टर धन्य आहोत.

मला राग आहे तो सासूबाईंवर नाही. त्यांनी जे पाहिले त्यावरून त्यांनी जे समजायचे ते समजले. निरक्षर बाईने दोन पाकिटे शेजारी ठेवून नावे ताडून पाहिली, हे तर मी हुशारीचे लक्षण मानतो. चूक आमच्या व्यवसायाची आहे. "ही गोळी शुगरचीसुद्धा आहे, पण तुम्हाला शुगर नाही, इन्शुलिनसाठी देतो आहे" हे वाक्य बोलायला अर्धे मिनिट लागत नाही. आणि ते चिठ्ठीवर मराठीत लिहायला आणखी अर्धे. एका मिनिटाच्या कंजूषपणापायी चार माणसे बैठकीला बसली आणि एक मुलगी माहेरी पाठविण्याची भाषा झाली. माझ्या व्यवसायबंधूंना हे झोंबेल, झोंबावे. ओपीडीत शंभर रुग्ण असतात, वेळ नसतो, हे मलाही ठाऊक आहे. मग निदान परिचारिकेने, गावातल्या आशाताईने हे सांगावे, पण कुणीतरी सांगावेच.

भगिनींनीही विचारण्याचा संकोच करू नये. "ही गोळी कशाची, किती महिने, आणि त्यानंतर काय?" हे तीन प्रश्न विचारले म्हणून कोणताही भला डॉक्टर रागावत नाही. तीन ते सहा महिन्यांत बीज सुटत नसेल तर तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा भरून आणण्यात अर्थ नाही. वय तिशीच्या पुढे गेले असेल तर याहूनही लवकर पुढचा विचार करावा.

नांदगाव पेठच्या भगिनीला माझे सांगणे असे. पुढच्या खेपेस दवाखान्यात एकटीने किंवा आईबरोबर जाऊ नका. पतीला सुटीच्या दिवशी बरोबर न्या, आणि जमले तर सासूबाईंनाही. डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा की मला मधुमेह आहे का. सासूबाईंचे पाकीट सोबत ठेवा, म्हणजे दोन्ही गोळ्यांतला फरक डॉक्टर त्यांना हातात धरून दाखवितील. पतीची तपासणी त्याच फेरीत होऊ शकते; त्यासाठी आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवू नयेत, एवढेच पथ्य.

तिने पत्राच्या समासात आडवे लिहून आणखी एक विचारले होते: नवरात्रात नऊ दिवस उपवास असतो, तेव्हा गोळी घ्यावी की नाही? फराळ करीत असाल तर फराळाबरोबर घ्यावी. निर्जळी किंवा अगदी काही न खाता उपवास करणार असाल तर त्या दिवसापुरती डॉक्टरांना विचारून थांबवावी. मात्र साबुदाण्याची उसळ आणि बटाट्याचे पापड यांवर नऊ दिवस काढून वर इन्शुलिनची गोळी घेणे, याला मी तरी उपवास म्हणणार नाही. राजगिरा, भगर बेताने, शेंगदाणे, ताक आणि काकडी चालेल.